पान उलटणारी

आमच्या वाद्यवृंदात एका स्टँडवर दोघं बसतात.
श्रोत्यांच्या बाजूचा वाजवत राहतो,
आतल्या बाजूचा पान उलटतो.
हा नियम कुणी केला ठाऊक नाही.
मी टाम्पेरेत आलो तेव्हा तो होताच,
नदीकाठच्या गिरण्यांच्या धुराड्यांसारखा.

मी बाहेर. आत विएनो लेहतोसालो.
चेलोंचा तिसरा स्टँड. एकोणीस वर्षं.

तिची निवड त्र्याऐंशी साली पडद्याआडून झाली होती.
बाई की बाप्या, पावलांवरून कळू नये
म्हणून दारापासून गालिचा अंथरलेला.
तरी तिनं बूट बाहेरच काढले
आणि लोकरी मोज्यांनी आत जाऊन बारा मिनिटं वाजवलं.
परीक्षकांनी लिहिलं : क्रमांक सात. आवाज स्थिर.
हे ती हसत सांगायची.
तो एक शब्द तिला जन्मभर पुरला.

एकल वादक विमानानं यायचे,
चेलोचं वेगळं तिकीट काढून,
खिडकीजवळची जागा त्याला देऊन.
विएनोचा चेलो यायचा बसनं,
उणे बावीस अंशांत,
तिचाच जुना कोट पेटीवर पांघरून.
ड्रायव्हर विचारायचा, ह्याचं तिकीट?
ती म्हणायची, हा कुठं बसलाय,
उभाच आहे की.

अंगठ्याला घट्टा. मानेत एक कळ, तालमीच्या तिसऱ्या तासाला येणारी.
एक नवरा, जो रोजच्या रिकाम्या संध्याकाळींना कंटाळून
ओउलूला निघून गेला.
एक मुलगा, ज्याला आई रात्रीच्या जेवणाला
फक्त सोमवारी दिसली.
ही तक्रार म्हणून तिनं कधी सांगितलं नाही.
पगार पंधरा तारखेला व्हायचा.

पण पानाचं सांगतो.
कोपरा तिनं आधीच किंचित मुडपलेला असे.
दोन मात्रा उरल्या की तिचा गज थांबे,
हात जाई, पान येई,
कागद वाजला असं कधी झालं नाही.
एकदाच ती तापानं घरी राहिली
आणि बदलीचा पोरगा भलत्याच वेळी उलटून बसला,
तेव्हा अक्षरशः कळलं,
तिच्यावाचून आमच्याकडे पान हलत नव्हतं.

निवृत्तीला फुलं झाली, भाषण झालं,
व्यवस्थापकानं तिचं आडनाव चुकवलं,
सामन माशाचं सूप थोडं खारट होतं.
मी विचारलं, आता काय वाजवणार?
म्हणाली, राहिलेलं.

पुढच्या रविवारी गेलो.
स्वयंपाकघराच्या लाकडी जमिनीला
चेलोच्या अणीनं पाडलेली भोकं,
चाळणीसारखी.
तिनं राळेचा खडा गजावरून फिरवला
आणि स्टँडवर एक वही ठेवली, हातानं लिहिलेली.
छत्तीस वर्षांत
पान उलटताना तिच्या हातून सुटलेल्या मात्रा,
तेवढ्याच, ओळीनं.
कुठं दोन, कुठं साडेतीन,
एका सिंफनीच्या शेवटाकडचे पाच स्वर,
जे मी एकोणीस वर्षं तिच्या कानाशी वाजवले
आणि मला वाटत होतं,
आम्ही वाजवतोय.

ती वाजवू लागली.
त्याला सुरुवात नव्हती,
वाक्याच्या मधूनच उठून यावं तसं काही,
आणि अर्थ लागायच्या आत दुसरं.
वरच्या मजल्यावरचा रेडिओ बंद झाला.
एका जागी तिचा गज थरथरला.
मी पाहिलं नाही असं केलं,
सातव्या क्रमांकाला एवढं चालतं.

पान संपत आलं.
मी हात पुढे केला, आयुष्यात पहिल्यांदा,
आणि एकदम दोन पानं उलटली,
मोठ्यानं, खरखरत.

तिनं वर बघितलं नाही.
वाजवत राहिली.
तिला ते सगळं पाठ होतं.